पायांतील फुगलेल्या शिरा

घरांतील जीं दुखणीं वर्षानुवर्षें मुकाट्यानें सोसलीं जातात व ज्यांची वाच्यता सहसा होत नाहीं, त्यांत पायांतील शिरा फुगण्याच्या विकाराची गणना केली पाहिजे. यानें ताप येत नाहीं, अन्न तुटत नाहीं, माणूस अंथरूण धरीत नाहीं. सायंकाळीं पाय जड होतात, पोटऱ्या ठणकतात, घोट्याशीं सूज दिसते. रात्रभर निजल्यावर सकाळीं बहुतेक सर्व पूर्ववत् होतें. शिवाय हें दुखणें वस्त्राच्या आड झांकलेलें असतें. त्यामुळें ‘काम फार पडतें, म्हणून पाय दुखतात’ एवढें म्हणून तें सोडून दिलें जातें. आणि घोट्यावरील कातडी काळवंडून तेथें न भरणारी जखम झाली म्हणजे मग घरांतील मंडळींचें तिकडे लक्ष जातें. ही वेळ येऊं न देणें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे, म्हणून या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांस रोहिणी व तें परत आणणाऱ्यांस नीला म्हणतात. पायांतील नीलांचें काम सर्वांत बिकट. कारण त्यांस पावलांतील रक्त भूमीच्या ओढीविरुद्ध वर चढवावयाचें असतें. यासाठीं निसर्गानें दोन सोयी केल्या आहेत. पहिली, नीलांच्या आंतील नाजूक झडपा. पंपांतील झडपेप्रमाणें त्या रक्तास वर जाऊं देतात, पण खालीं येऊं देत नाहींत. पादुआ येथील अध्यापक फाब्रिशियस यानें १६०३ सालीं या झडपांचें वर्णन प्रसिद्ध केलें. परंतु त्यांचा खरा उपयोग ओळखला तो त्याच्या शिष्यानें, विल्यम हार्वेनें. रक्त शरीरांत फिरत असतें हें १६२८ सालीं आपल्या ग्रंथांत सिद्ध करतांना त्यानें या झडपांचाच पुरावा पुढें केला. दुसरी सोय म्हणजे पोटरीचे स्नायु. आपण चालूं लागलों कीं ते आवळतात व आंतील खोल नीला पिळून रक्त वर ढकलतात. म्हणूनच पोटरीस दुसरें हृदय म्हणतात. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळील नीलेंत पाऱ्याच्या सुमारें ९० मिलिमीटर इतका दाब असतो; चालूं लागतांच तो ३० च्या आसपास उतरतो. या एका गोष्टींत अर्ध्या उपचाराचें मर्म आहे.

कातडीखालील नीलांच्या भिंती सैल पडल्या कीं झडपांचीं दारें एकमेकांस भिडत नाहींत. मग रक्त वरून खालीं उतरतें, खालच्या झडपेवर भार पडतो, तीही निकामी होते, आणि शीर फुगून वेडीवांकडी व निळसर दिसूं लागते. घोट्याच्या आंतल्या बाजूपासून जांघेपर्यंत जाणारी लांब नीला व पोटरीच्या मागून गुडघ्याच्या खळगीपर्यंत जाणारी लहान नीला, या दोहोंत हा प्रकार विशेष आढळतो. पुष्कळदां आईबापांकडूनच हा दोष येतो. वाढतें वय, स्थूलता, व एका जागीं तासन्‌तास उभें राहण्याचा व्यवसाय हीं दुसरीं कारणें. शिक्षक, आचारी, पोलीस, दुकानांतील नोकर यांस म्हणूनच हा त्रास अधिक. स्त्रियांच्या बाबतींत गर्भारपणाची भर पडते. त्या काळांत रक्ताचें प्रमाण वाढतें, नीलांच्या भिंती सैलावतात, आणि गर्भाशयाचा दाब ओटीपोटांतील नीलांवर येतो. बाळंतपणानंतर कांहीं महिन्यांत या शिरा बऱ्याच ओसरतात; म्हणून गर्भारपणीं शस्त्रक्रियेची घाई करीत नाहींत. मात्र प्रत्येक बाळंतपणागणिक त्या पुन्हां उद्भवण्याचा संभव वाढतो.

हा विकार नवा नव्हे. सुश्रुतसंहितेंत ग्रंथींच्या प्रकारांत सिराज ग्रंथि सांगितला आहे, त्याचें वर्णन याच्याशीं जुळतें. रोमन सेनापति मारियस याची गोष्ट प्लुटार्कनें लिहून ठेविली आहे. त्यानें बांधून न घेतां एका पायाच्या शिरा कापवून घेतल्या, तोंडांतून हूं कीं चूं काढलें नाहीं. पण वैद्य दुसऱ्या पायाकडे वळतांच त्यानें नकार दिला, कारण मिळणारा गुण त्या वेदनेच्या मोलाचा नव्हे असें त्यास वाटलें. आजच्या रोग्यास अशी निवड करावी लागत नाहीं, हें पुढें दिसेलच.

प्रथम घरचे उपाय. रोज अर्धा तास तरी चालावें. ओट्याशीं उभें राहून काम करतांना मधून मधून टाचा उचलून पुन्हां टेकाव्या, कांहीं पावलें फिरावें; भाजी निवडणें, कणीक मळणें अशीं कामें बसून करावीं. वजन आटोक्यांत ठेवावें. दिवसांतून दोन-तीन वेळां पंधरा-वीस मिनिटें आडवें होऊन पाय उशांवर, हृदयाच्या पातळीहून उंच ठेवावे. मांडीस किंवा गुडघ्याखालीं घट्ट फडकें बांधूं नये. त्यानें रक्त वर जाण्यास अडथळाच होतो. दुखऱ्या शिरा जोरानें रगडूं नयेत.

औषधापेक्षांही उपयुक्त वस्तु म्हणजे दाबाचे लवचिक मोजे. ते घोट्याशीं अधिक घट्ट व वर क्रमानें सैल असतात. सकाळीं अंथरुणांतून उठण्यापूर्वीं, सूज नसतांना, ते चढवावे व रात्रीं निजतांना काढावे. सुमारें सहा महिन्यांनीं त्यांची ओढ कमी होते, तेव्हां नवे घ्यावे. मात्र मधुमेही, धूम्रपान करणारे व वृद्ध यांच्या पायांतील रोहिणी अरुंद झालेल्या असूं शकतात. त्यांनीं डॉक्टरांकडून पायाची नाडी तपासून घेतल्यावांचून हे मोजे वापरूं नयेत. मोज्यांनीं त्रास थांबतो, सूज उतरते. पण बिघडलेली झडप दुरुस्त होत नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

पुढील लक्षणें दिसतांच डॉक्टरांकडे गेलें पाहिजे : घोट्याच्या आंतल्या बाजूस कातडी तपकिरी होणें, खाज व इसब, कातडी टणक होणें, आणि जखम. अशा जखमेस नुसतें मलम पुरत नाहीं. दाबाची पट्टी बांधल्याखेरीज ती सहसा भरत नाहीं. फुगलेली शीर फुटून रक्त वाहूं लागल्यास रोग्यास ताबडतोब निजवावें, पाय उंच धरावा व स्वच्छ कापडानें त्या जागीं दाबून ठेवावें. वर दोरी आवळूं नये. एकच पाय एकाएकीं सुजून ठणकूं लागला तर खोल नीलेंत रक्त गोठल्याचा संशय घ्यावा व त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. त्यासोबत धाप लागली किंवा छातींत दुखूं लागलें तर क्षणाचाही विलंब न करतां इस्पितळ गांठावें.

कायमच्या उपायांत मोठी सुधारणा झाली आहे. १८९१ सालीं ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदानें मांडींतील लांब नीला बांधण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पुढें ती सबंध शीर ओढून काढण्याची रीत आली. आतां प्रथम ध्वनिलहरींच्या यंत्रानें कोणती झडप निकामी आहे व खोल नीला मोकळ्या आहेत कीं नाहींत, हें पाहतात. नंतर जागा बधिर करून शिरेंत बारीक नळी घालतात व लेसर किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेनें ती आंतून बंद करतात. रोगी त्याच दिवशीं चालत घरीं जातो. कांहीं शिरांत औषधाचा फेस टोंचून त्या मिटवितात. इंग्लंडांतील नाइस या संस्थेनें २०१३ सालीं उष्णतेच्या उपायास पहिला, फेसास दुसरा व कापण्यास तिसरा क्रम दिला. जखम झालेल्या ४५० रोग्यांवरील ब्रिटनमधील प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत शीर लवकर बंद केलेल्यांची जखम सुमारें ५६ दिवसांत, तर उशिरां केलेल्यांची ८२ दिवसांत भरल्याचें आढळलें. शीर बंद केली तर रक्त जाणार कोठून, ही भीति अनाठायीं आहे. पायांतील बहुतेक रक्त खोल नीलांतूनच जात असतें. पुढें दुसऱ्या शिरा फुगूं शकतात, हें मात्र खरें.

शेवटीं एक गोष्ट घरांतील वडील माणसांस सांगावयाची आहे. पाय उंच करून पडणें हा या विकाराचा बिनपैशाचा उपाय. पण तोच आपल्या घरांत सर्वांत अवघड होऊन बसतो. थोरांसमोर सुनेनें पाय लांब करणें आपण अशिष्ट मानतों, म्हणून ती दिवसभर उभी राहते व पाय दुखले तरी बोलत नाहीं. मर्यादा राखावी, पण ती पायाच्या जखमेच्या मोलानें राखूं नये. दुपारचीं भांडींकुंडीं आटोपल्यावर सासूबाईंनींच ‘जा, घटकाभर पाय वर करून पड’ असें म्हटलें, तर त्या एका वाक्यानें जें काम होईल तें औषधाच्या बाटलीनें होणार नाहीं. आणि त्याच वेळीं सासूबाईंनीं आपलेही घोटे एकदां पाहून घ्यावे.