कोरं पान बोलत नाही, म्हणून…



चौथीच्या वर्गासाठी मी पीएचपीमध्ये मराठी शब्दांची छोटी ऑनलाइन चाचणी बनवली होती. घरी लॅपटॉपवर छान चालली. सर्व्हरवर चढवून वर्गात उघडली, तर वर फक्त शीर्षक, खाली सगळं कोरं. एरर नाही, सूचना नाही. एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझं काही चुकलं का?"

चूक तिची नव्हती, माझी होती. शब्दाची लांबी मोजायला मी एमबी_स्ट्रलेन हे फंक्शन वापरलं होतं. साधं स्ट्रलेन बाइट मोजतं. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं, म्हणून 'शाळा'ची लांबी 12 येते. एमबी_स्ट्रलेन 4 सांगतं: श, काना, ळ, काना. हे फंक्शन एमबीस्ट्रिंग मॉड्यूलमधून येतं आणि उबुंटूवर ते वेगळं बसवावं लागतं. आमच्या सर्व्हरवर ते नव्हतंच. त्या ओळीपाशी स्क्रिप्ट गुपचूप थांबली.

असं झालं तर कोड बदलत बसू नका.

1. आधी अपाचेची एरर लॉग फाइल वाचा. कोणतं फंक्शन सापडलं नाही, ते तिथे लिहिलेलं असतं.
2. पीएचपीइन्फोचं पान ब्राउझरमध्येच उघडून मॉड्यूल आहे का बघा. कमांड लाइनची सेटिंग वेगळी असू शकते. काम झालं की ते पान काढून टाका.
3. मॉड्यूल बसवल्यावर अपाचे पुन्हा सुरू करा.

काही जण म्हणतील, एरर स्क्रीनवरच दाखवा ना! चालू साइटवर ते नको. आतल्या फाइलींचे पत्ते बाहेर दिसतात. पण म्हणून मुलासमोर कोरं पान ठेवणंही बरोबर नाही. मी आता सुरुवातीलाच एक्स्टेन्शन_लोडेड वापरून मॉड्यूल तपासतो. नसेल तर पानावर वाक्य येतं: "चाचणी सध्या बंद आहे. तुमची चूक नाही."

"समजलं का?" विचारल्यावर वर्ग गप्प बसला, तर सगळ्यांना समजलं असं आपण धरत नाही. मग स्क्रिप्ट गप्प बसली, तर सगळं ठीक आहे असं का धरायचं? आणि तिच्या गप्प बसण्याचा दोष मुलांनी स्वतःकडे का घ्यायचा?