लहान वर्तुळातली चुरस

येलदरीत परवा एक माजी विद्यार्थिनी भेटली. म्हणाली, "सर, कॉलेजच्या बास्केटबॉल संघात निवड होतेय. अब्बू म्हणतात, आपल्या भागातल्या स्पर्धांना किंमत काय?"

किंमत आहे. पूर्वी सगळा मराठवाडा औरंगाबादच्या एकाच विद्यापीठाखाली होता. 1994 साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. आज त्यात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असे चार जिल्हे आहेत. वर्तुळ लहान झाले की दर्जा घसरतोच असे नाही. उलट, विद्यापीठाच्या संघातली जागा जिंतूरच्या मुलीलाही आवाक्यात वाटू लागते. आशा असली की सराव वाढतो, आणि सरावातून चुरस. अमेरिकेतले सेंट पीटर्स हे असेच लहान गटातले विद्यापीठ. 2022 मध्ये त्याने बलाढ्य केंटकीला हरवले आणि राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत धडक मारली.

पण अब्बूंची खरी काळजी वेगळी होती: डोक्यावरच्या ओढणीचे काय? आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने ऑक्टोबर 2017 पासून डोके झाकून खेळायला परवानगी दिली आहे. नियमाने दार उघडले. उंबऱ्यावर आता आपणच उभे आहोत.

आपल्या भागातल्या स्पर्धा तगड्या व्हाव्यात असे वाटत असेल, तर आधी आपल्या मुली मैदानात दिसू द्या. निम्मे खेळाडू घरी बसवून दर्जा कसा वाढेल?