घरात कांजिण्या आल्या, तर चार घरी सांगा

पालक, शाळा, पाळणाघरं, गृहनिर्माण संस्था आणि मंडळांना जाहीर आवाहन



संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे घरोघरी हळदीकुंकू असतं आणि त्याच दिवसांत बोरन्हाणही. पाच वर्षांच्या आतली पोरं हलव्याचे दागिने घालून दाटीवाटीने बसतात आणि बोरं, चुरमुरे, गोळ्या वेचताना एकमेकांच्या अंगावर पडतात. पाठोपाठ जत्रा, शाळेच्या परीक्षा, मग लग्नसराई. जानेवारी ते एप्रिल हा साधारण असा गर्दीचा काळ, आणि कांजिण्यांचा हंगामही हाच.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. या हंगामाच्या तोंडावर आपल्या सर्वांकडे माझं एक मागणं आहे. घरात कांजिण्या आल्या तर त्या लपवू नका. आणि शेजारी आल्या असतील तर ‘एकदाच्या होऊन जाऊ देत’ म्हणून आपलं मूल मुद्दाम त्यात ढकलू नका.

या आजाराची चाल आधी समजून घेऊ. कांजिण्यांचा विषाणू हवेतून पसरतो, फोडातल्या पाण्यातूनही पसरतो. घरात एकाला झाल्या की ज्यांना त्या पूर्वी झालेल्या नाहीत आणि ज्यांनी लसही घेतलेली नाही, अशा दहापैकी नऊ जणांना त्या होऊ शकतात. लागण झाल्यावर पुरळ दिसायला १० ते २१ दिवस लागतात. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल इतरांना लागण देऊ लागतं आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत देत राहतं. म्हणजे आईवडिलांना काही कळायच्या आतच संसर्ग पुढे गेलेला असतो. म्हणून ‘तुमच्या मुलामुळे आमच्या मुलाला झालं’ या भांडणात काही अर्थ नाही. जबाबदारी सुरू होते ती पहिला फोड दिसल्यावर.

आणि नेमकं तिथेच आपण गप्प बसतो. एक आई चार वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात येते. बाहेर ऊन रणरणतंय, तरी पोराच्या अंगात लांब बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. बाकावर शेजारी सातवा महिना लागलेली एक बाई बसलेली असते. आत आल्यावर शर्ट काढला की पोटावर लाल ठिपके दिसतात, पाठीवर पाण्याने भरलेले टपोरे फोड आणि केसांच्या मुळाशी खपली धरू लागलेले जुने फोड. ठिपका, फोड आणि खपली एकाच वेळी अंगावर दिसणं ही कांजिण्यांची खूणच. पण त्या आईचा पहिला प्रश्न औषधाचा नसतो. ती हळू आवाजात विचारते, “डॉक्टर, शाळेत कळवावंच लागेल का?”

तिला दोष देऊन भागणार नाही. तिची रजा संपलेली असते. पाळणाघर मुलाला आठवडाभर घेणार नाही, आणि घ्यायलाही नको. परीक्षा तोंडावर असते. घरात कोणीतरी म्हणालेलं असतं, “तूच बाहेर घेऊन फिरतेस.” सोसायटीच्या ग्रुपवर कळलं तर लोक लिफ्टमध्ये तोंड फिरवतील ही धास्ती वेगळी. पोराला खाज सुटलेली, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि त्यात ही चोरटेपणाची भावना. हा भार तिच्यावर आपण सगळ्यांनी मिळून टाकलेला आहे.

पूर्वी असं नव्हतं. कांजिण्या, गोवर किंवा देवी आल्या की अनेक घरांत दाराला कडुलिंबाचा डहाळा लावत. त्यामागची श्रद्धा काहीही असो, त्याचा उपयोग मोठा होता. आत आजारी मूल आहे हे येणाराजाणारा ओळखायचा. पाहुणे परत फिरायचे, गरोदर सून त्या घराची पायरी चढायची नाही. आणि त्या घराला कोणी नावं ठेवत नसे. देवीचा रोग जगातून गेला. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं. कांजिण्या मात्र आहेत, आणि शेजाऱ्याला सावध करण्याची ती रीत आपण सोडून दिली आहे.

आता ‘होऊन जाऊ देत’ या विचाराबद्दल. “मामाच्या मुलीला आल्यात ना, मग पाठव तुझ्याही पोराला तिकडेच, सुट्टीत उरकून जाईल,” असं प्रेमाने सांगणारी माणसं प्रत्येक नात्यात असतात. त्यांच्या म्हणण्याला एके काळी आधार होता. मोठेपणी झालेल्या कांजिण्या जास्त त्रास देतात, हे खरंच आहे. लस नव्हती तेव्हा लहानपणी होऊन गेलेल्या बऱ्या, असं वाटणं स्वाभाविक होतं. पण लस न घेतलेल्या मुलाच्या अंगावर साधारण २५० ते ५०० फोड येतात. बहुतेक मुलं आठ-दहा दिवसांत बरी होतात, काही होत नाहीत. खाजवलेल्या फोडात जंतू शिरून कातडी सडते, न्यूमोनिया होतो, क्वचित मेंदूला सूज येते. कोणत्या मुलाला साधं जाईल आणि कोणत्या मुलाला अवघड, हे आधी कोणालाही सांगता येत नाही, मलाही नाही. शिवाय आजार गेला तरी विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि कित्येक वर्षांनी नागीण होऊन वर येऊ शकतो.

आणि मुद्दाम ओढवून घेतलेला आजार आपल्या मुलापाशी थांबत नाही. ज्या गरोदर बाईला कांजिण्या झालेल्या नाहीत, तिला न्यूमोनियाचा धोका मोठा असतो, आणि गर्भालाही इजा होऊ शकते. बाळंतपणाच्या आधीचे पाच दिवस ते नंतरचे दोन दिवस या काळात आईच्या अंगावर पुरळ उठलं तर नवजात बाळाच्या जिवावर बेततं. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या मुलांची प्रतिकारशक्ती औषधांनी खाली आणलेली असते. त्यांना ही लसही देता येत नाही, कारण ती जिवंत विषाणूची आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी गावाकडून आलेली अशी किती तरी मुलं मुंबईत नातेवाइकांच्या दोन खोल्यांत उतरतात. त्या मुलांचं संरक्षण म्हणजे त्यांच्या भोवतालची आपण माणसं. डोहाळजेवण, बारसं, बोरन्हाण या आपल्या कौतुकाच्या प्रसंगांना याच सगळ्यांची गर्दी असते, हे ध्यानात ठेवा.

लसीचा जन्म एका बापाच्या तगमगीतून झाला. जपानचे डॉ. मिचिआकी ताकाहाशी १९६४ मध्ये अमेरिकेत संशोधन करत होते. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या झाल्या, श्वास लागला, आणि वडील स्वतः विषाणूंचे अभ्यासक असूनही उशाशी बसून राहण्यापलीकडे काही करू शकले नाहीत. पुढे जपानला परतून त्यांनी या विषाणूवर काम केलं आणि १९७४ मध्ये लस तयार केली. अमेरिकेत १९९५ मध्ये ती सर्व मुलांना देणं सुरू झालं. त्याआधी तिथे वर्षाला सुमारे ४० लाख लोकांना कांजिण्या होत आणि शंभराहून अधिक माणसं त्यात दगावत. आज तिथल्या कित्येक तरुण डॉक्टरांनी कांजिण्यांचा रुग्ण क्वचितच पाहिलेला असतो.

आपल्याकडे ही लस सरकारच्या मोफत लसीकरणात नाही, ती खासगीत विकत घ्यावी लागते आणि स्वस्त नाही. तरी ज्यांना परवडते त्यांनी ती नक्की द्यावी. पहिली मात्रा १५ महिन्यांच्या सुमारास, दुसरी त्यानंतर किमान तीन महिन्यांनी. मोठ्या मुलांची राहिली असेल तर तीही देता येते. दोन्ही मात्रा झाल्यावर दहापैकी नऊहून अधिक मुलांना संरक्षण मिळतं, आणि झाल्याच तर थोडक्यात निभावतं. लस न घेतलेल्या मुलाचा कांजिण्यांच्या रुग्णाशी संबंध आला असेल, तर तीन ते पाच दिवसांच्या आत दिलेली लसही उपयोगी पडते. पण त्यासाठी संबंध आल्याचं वेळेवर कळायला हवं. म्हणजे पुन्हा तेच, कोणीतरी सांगायला हवं.

म्हणून माझी विनंती.

पालकांना : पुरळ उठल्यापासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, मुलाला घरी ठेवा. शाळा, पाळणाघर, बाग, लग्न, सगळं बंद. दवाखान्यात येण्याआधी फोन करा, म्हणजे मुलाला इतरांपासून वेगळं बसवता येईल. ज्यांना कांजिण्या होऊन गेल्या आहेत, त्यांनीच शक्यतो मुलाजवळ थांबावं. नखं कापा, रोज कोमट पाण्याने अंघोळ घाला, सैल सुती कपडे घाला. कडुलिंबाचा पाला पाण्यात टाकायचा तर टाका, पण अंघोळ आणि पोटभर जेवण बंद करू नका. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे. ॲस्पिरिन अजिबात देऊ नका, आयबुप्रोफेनही टाळा. ताप चार दिवसांहून जास्त राहिला किंवा जाऊन परत आला, एखाद्या फोडाभोवती कातडी लाल, गरम, दुखरी झाली, मूल झोपेतून उठेना, चालताना तोल जाऊ लागला, धाप लागली किंवा उलट्या थांबेनात, तर तडक रुग्णालय गाठा. घरात आजोबांना नागीण झाली असेल तर तिचे फोड झाकून ठेवा. त्यातल्या पाण्यातून नातवाला कांजिण्या होऊ शकतात.

गरोदर महिलांना : तुम्हाला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे आजच आईला विचारून ठेवा. नक्की सांगता येत नसेल आणि संबंध आला असेल, तर पुरळाची वाट न पाहता त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवा.

शाळा आणि पाळणाघरांना : वर्गात एक मूल आजारी पडलं की मुलाचं नाव न घेता सर्व पालकांना त्याच दिवशी चिठ्ठी पाठवा. राहिलेली परीक्षा नंतर घ्या. शंभर टक्के हजेरीची बक्षिसं बंद करा, त्यापायी ताप अंगावर घेऊन मुलं शाळेत येतात. बाळवर्गाच्या गरोदर शिक्षिकेला काही दिवस दुसरं काम द्या.

सोसायट्यांना आणि मंडळांना : रक्तदान शिबिरं तुम्ही उत्तम भरवता. या वर्षी आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताई, वॉचमन, इस्त्रीवाले यांच्या लहान मुलांच्या लसीचा खर्च वर्गणीतून उचला. त्यांच्या मुलाला कांजिण्या झाल्या तर त्यांचे खाडे मांडू नका, नाहीतर त्यांना आजार लपवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. नोकरी देणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे : पाच-सात दिवसांची रजा द्या.

ग्रुपवर काय लिहावं असा प्रश्न पडला, तर हे उतरवून घ्या : “आमच्या घरी कांजिण्या आल्या आहेत. मूल ठीक आहे. खपल्या धरेपर्यंत आम्ही कोणाकडे येणार नाही. गेल्या दोन-तीन दिवसांत ज्यांची मुलं सोबत खेळली, त्यांनी लक्ष ठेवावं. कोणी गरोदर असेल किंवा घरात कोणाचे मोठे उपचार चालू असतील, तर आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं.”

आणि हा निरोप ज्यांना मिळेल त्यांनाही सांगणं आहे. “कुठून आणल्या?” असं विचारू नका. विचारा, “डबा पाठवू का? औषधं आणून देऊ का?” पहिल्या घराला तुम्ही काय उत्तर देता, यावर दुसरं घर सांगेल की लपवेल हे ठरतं. या हंगामात पहिला निरोप येईल तेव्हा आपलं उत्तर तयार असू द्या.

आपली नम्र,
एक बालरोगतज्ज्ञ