बोली कोणाची, मत कोणाचं?
परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर, परभणी, गंगाखेड, पाथरी या चारही विधानसभा मतदारसंघांत उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये; त्याच्या पक्षाच्या खर्चाला मात्र कसलंच कुंपण नाही. हा झाला प्रचाराचा पैसा. दुसरा पैसा बोलीचा : नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तिथली निवडणूकच रद्द केली. ‘पैसा देवळालाच जाणार होता, बिघडलं कुठं?’ असं विचारणारे भेटतातच. बिघडलं ते असं : गाडी, सभा, पत्रकं यांवरचा पैसा उमेदवाराला मतदारापर्यंत पोचवतो, बोलीचा पैसा मतदाराला वगळतो. मतदानाच्या आदल्या रात्री वाटलं जाणारं पाकीट हेच काम गुपचूप करतं. लिलावाला नावं ठेवणाऱ्यांनी आधी ते पाकीट परत करावं.