संघ बांधायचा तर जोड बघून

पुण्याच्या हापिसातल्या मित्रांना एक गोष्ट पटवून देताना माझी दरवेळी दमछाक होते. महाराष्ट्रात असं एक शहर आहे जिथं एप्रिलच्या रणरणत्या उन्हात, घरोघरी आयपीएल चालू असताना, माणसं डोक्यावर रुमाल टाकून भर दुपारी फुटबॉल बघायला जातात. तेही गल्लीतल्या पोरांचा फुटबॉल! "म्हणजे आयएसएलसारखं का?" असं कुणी तरी विचारतंच. नाही रे बाबा. आयएसएल टीव्हीवर. हे शाहू स्टेडियमवर.

ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडं फुटबॉल संघ म्हणजे तालीम. पूर्वी तिथं कुस्तीचा हौद होता, काही ठिकाणी अजून आहे. तीच तालीम गणपती बसवते, शिवजयंती करते आणि फुटबॉलचा संघही उतरवते. आमच्या मंगळवार पेठेतलं पाटाकडील तालीम मंडळ, म्हणजे पीटीएम. पलीकडं शिवाजी पेठेत शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम. शिवाय दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, जुना बुधवार, संध्यामठ... वरिष्ठ गटात १६ संघ. लीग भरवते कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए. मैदान एकच, शाहू स्टेडियम. पूर्वी तिथं रावणेश्वराचं तळं होतं, ते बुजवून स्टेडियम झालं. पीटीएम विरुद्ध शिवाजी असा सामना असला की दोन्ही पेठांत त्या दिवशी दुसरा विषय नसतो.

आता मुद्द्यावर येतो. गेली काही वर्षं मी या सगळ्याकडं प्रेक्षक म्हणून बघतो तसा जरा इंजिनिअर म्हणूनही बघतोय (सवय वाईट!). आणि मला वाटतं, आपल्या फुटबॉलचं खरं दुखणं मैदानावर नाही, हंगामाआधीच्या यादीत आहे.

आधी तारखांचं गणित करू. १६ संघ एकमेकांशी एकदाच खेळले तरी १२० सामने होतात. मैदान एक, दिवसाला दोन सामने, म्हणजे ६० दिवस. घरचं-बाहेरचं असं दोनदा खेळवायचं म्हटलं तर १२० दिवस, आणि इथं घर-बाहेर असलं काही नाहीच, सगळ्यांचं घर एकच. लीगखेरीज निरनिराळी मंडळं आपापल्या नॉकआऊट स्पर्धा भरवतात. १६ संघांचा एक चषक म्हणजे १५ सामने. असे पाच चषक झाले तर ७५. लीग धरून १९५ सामने, म्हणजे जवळजवळ ९८ दिवस फक्त खेळाचे. हंगाम साधारण डिसेंबर ते मे. त्यात दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या, यात्रा-जत्रा आल्या, निवडणूक असली की पोलीस बंदोबस्त मिळत नाही, आणि मध्येच समर्थकांची हाणामारी झाली की चार दिवस सगळं बंद. शिवाय त्या गवतानं कधी उगवायचं हाही प्रश्न आहेच. जो संघ लीग पूर्ण खेळून पाचही चषकांच्या अंतिम फेरीत जाईल त्याच्या पोरांचे १५ अधिक २० असे ३५ सामने होतात. यातली कितीतरी पोरं सकाळी कुठंतरी कामाला असतात.

तरीही तारखांचं काम केएसए कसंबसं जमवते, त्याबद्दल मी त्यांना मनापासून मानतो. वर्षानुवर्षं हे रेटणं सोपं नाही. प्रश्न आहे तो संघबांधणीचा.

पूर्वी पेठेचा संघ म्हणजे पेठेतली पोरं. आता हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की कोण कुठल्या पेठेतून कुठं गेला याचीच चर्चा. मानधन ठरतं. बाहेरगावचे खेळाडू येतात, नायजेरियासारख्या देशांतले खेळाडू येतात. माझा त्यांच्यावर बिलकूल राग नाही. कुठल्या कुठं येऊन, भाड्याच्या खोलीत राहून, तांबड्या रश्श्याची सवय करून ती माणसं जीव तोडून खेळतात, आणि पेठही त्यांना डोक्यावर घेते. केरळात मलप्पुरमच्या सेव्हन्स फुटबॉलमध्ये हेच चालतं. 'सुडानी फ्रॉम नायजेरिया' (२०१८) हा सिनेमा त्यावरच आहे, नसेल बघितला तर या विकांताला बघा.

पण हिशोब बघा. परदेशी खेळाडूचं मानधन, राहणं, जेवण, प्रवास. प्रशिक्षक. किट, बूट, सरावाचे बॉल. दुखापत झाली तर डॉक्टर. हे सगळं येतं कुठून? तिकीट माफक असतं, त्यातून मैदान, पंच आणि बंदोबस्त यांचा खर्च सुटला तरी पुष्कळ. तालमीच्या वाट्याला येतं ते बक्षीस, वर्गणी आणि मुख्य म्हणजे देणगी. देणगी देणारा कोण, ते चषकांच्या नावांवरून लहान पोरगंही सांगेल. सतेज चषक, चंद्रकांत चषक. यात वाईट असं काही नाही. नेत्यांनी पैसा घातला म्हणून स्पर्धा उभ्या राहिल्या, हेही खरंच आहे. पण देणगी म्हणजे उत्पन्न नव्हे. यंदा आली, पुढच्या वर्षी येईलच असं नाही. आणि एका तालमीनं तीन तगडे खेळाडू आणले की शेजारची तालीम गप्प बसत नाही, तिलाही आणावे लागतात. खर्च दोघांचा वाढतो, आणि गुणतक्त्यातला फरक होता तेवढाच राहतो!

आता एकदम लांबची उडी मारतो, सांभाळून घ्या.

२०२३ मध्ये मी सहा महिने ऑनसाईटला बर्मिंगहॅमला होतो. तिथून ट्रामनं वुल्व्हरहॅम्प्टनला जाता येतं. तिथं मॉनमोर ग्रीन नावाच्या स्टेडियमवर सोमवारी संध्याकाळी स्पीडवे बघायला मिळायचा. ५०० सीसीच्या, ब्रेकच नसलेल्या मोटरसायकली, मिथेनॉलवर चालणाऱ्या. लंबगोल मातीचा ट्रॅक, एका शर्यतीत चौघे, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास. मागं मातीचा फवारा. जाळ आणि धूर संगटच म्हणतात ते अक्षरशः! प्रेक्षक मात्र आपल्यासारखेच, आजोबा, बाप आणि नातू एकाच रंगाचा मफलर गुंडाळून बसलेले. मला तर घरीच आल्यासारखं वाटलं.

पण मी अडकलो तो त्यांच्या संघबांधणीच्या नियमात. एका संघात सात रायडर. एका सामन्यात १५ शर्यती. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला भोपळा. वर्षभराच्या गुणांवरून प्रत्येक रायडरची सरासरी निघते. चार शर्यतींमागे किती गुण, असं ते मोजतात, म्हणजे कायम पहिला येणाऱ्याची सरासरी १२. आणि हंगामाआधी सगळे क्लबचालक एकत्र बसून एक आकडा ठरवतात: सातही जणांच्या सरासरीची बेरीज याच्या वर जाता कामा नये. बस्स! तुमच्याकडं पैसा कितीही असो, सात हुकमी एक्के घेताच येत नाहीत. दोन मोठे घेतले की खालच्या जागांवर नवखी पोरं घ्यावीच लागतात. आमच्या भाषेत बोलायचं तर हा सरळसरळ नॅपसॅक प्रॉब्लेम आहे, फक्त पोत्यात माणसं.

त्याचा परिणाम मजेदार होतो. क्लबाची सगळी अक्कल 'कमी सरासरीचा पण यंदा वर जाणारा' पोरगा शोधण्यात खर्च होते. आणि पगार? रायडरला बव्हंशी मिळवलेल्या गुणांवर पैसे, गाडी-टायरचा खर्च त्याचा त्यानं बघायचा. म्हणजे सरासरीवर मर्यादा घातली की क्लबाच्या खर्चालाही आपोआप लगाम बसतो.

त्यांचं सगळंच गोड आहे असं मात्र नाही. एखादा रायडर जखमी झाला तर तेवढ्याच किंवा कमी सरासरीचा दुसऱ्या क्लबाचा रायडर एका दिवसापुरता पाहुणा म्हणून उतरवता येतो. कल्पना करा, पीटीएमचा गोलकीपर एका दिवसासाठी शिवाजीकडून उभा! स्टेडियमच काय, गावही शिल्लक राहणार नाही. दुसरं म्हणजे जिंकलेला संघ पुढच्या वर्षी मोडावा लागतो, कारण जिंकल्यामुळं सगळ्यांची सरासरी वाढलेली असते. तिथले जुने प्रेक्षक यावर करवादतात, आणि त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. आणि तिसरं, सगळ्यात मोठं: बऱ्याच क्लबांच्या पायाखालची जमीन त्यांची नाही. मॉनमोर ग्रीन हे मुळात ग्रेहाऊंड कुत्र्यांच्या शर्यतीचं स्टेडियम. २०२३ च्या हंगामानंतर तिथला स्पीडवे बंद झाला. पीटरबरोचा संघ २०२१ मध्ये इंग्लंडच्या वरच्या लीगचा विजेता होता, त्याचाही ट्रॅक २०२३ नंतर गेला. दोनच वर्षांत विजेत्याला घर नाही.

या बाबतीत आपण किती नशीबवान आहोत बघा. आपलं मैदान भर गावात आहे आणि ते खेळाचंच आहे. ज्यांच्याकडं मैदान नाही त्यांनी संघबांधणीचा नियम नीट केला, आणि ज्यांच्याकडं मैदान आहे ते आपण देणगीच्या मागं पळतोय.

"हे विलायती नियम इथं चालणार नाहीत," हे वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय. पण हा नियम विलायती आहे कुठं? शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम बघून खासबाग मैदान बांधून घेतलं, ते १९१२ मध्ये खुलं झालं, आणि तिथं कुस्ती लागते ती जोड बघूनच. नवख्या पोराला नामांकित मल्लासमोर कुणी उभा करत नाही. जोड चुकली तर पहिली शिवी जोड लावणाऱ्याला बसते. ज्या तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या जोड लावली, त्यांना फुटबॉलमध्ये ताकदीची बेरीज करायला शिकवायची गरज नाही.

फुटबॉलमध्ये सरासरी काढायची कशी, हा मात्र रास्त प्रश्न. गोलवर काढली तर बॅक आणि गोलकीपर उपाशी मरतील. म्हणून मी साधी प्रतवारी सुचवतो. परदेशी खेळाडूला ८ गुण. बाहेरगावच्याला ६. गेल्या हंगामात निम्म्याहून जास्त सामने सुरुवातीपासून खेळलेल्या स्थानिकाला ४. बाकी स्थानिकांना २. आणि आपल्याच तालमीत वाढलेल्या २१ वर्षांखालच्या पोराला शून्य. समजा २० जणांची यादी आणि मर्यादा ६० गुणांची. मग दोन परदेशी (१६) आणि दोन बाहेरगावचे (१२) घेतले की २८ गुण संपले. उरलेल्या ३२ मध्ये सहा पक्के स्थानिक (२४) आणि चार इतर (८) बसतात, आणि शेवटच्या सहा जागा तालमीच्या पोरांनीच भराव्या लागतात. तिसरा परदेशी हवा? घ्या की. पण मग दोन पक्के स्थानिक सोडा.

निव्वळ 'परदेशी इतकेच' अशी मर्यादा घालण्यापेक्षा हे मला बरं वाटतं. त्या मर्यादेत तालीम परदेशी जागा भरते आणि उरलेल्या जागांसाठी शेजारच्या पेठेतले चांगले खेळाडू पैसे देऊन उचलते. चौथ्या-पाचव्या क्रमांकाची तालीम दरवर्षी पोरं घडवते आणि दरवर्षी गमावते. बेरजेवर मर्यादा असली की मोठ्या तालमीलाही पोरं घडवावी लागतील, कारण शून्य गुणांचा खेळाडू बाजारात विकत मिळत नाही.

आणि पोरांची कमतरता इथं नाहीच. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालचा विश्वचषक झाला, त्यात भारताच्या संघात आपला अनिकेत जाधव होता. अख्ख्या कोल्हापुरानं कॉलर ताठ केली. पण तो घडला पुण्यात जाऊन. आपल्याच लीगमध्ये अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला किती मिनिटं मिळतात? आमच्या गल्लीतला एक पोरगा, नाव नको, डाव्या पायानं असा क्रॉस टाकतो की बघत राहावं. गेल्या हंगामात त्याला मी जास्त वेळा वॉर्मअप करतानाच बघितलं. आता तो एमआयडीसीत शिफ्टला जातो आणि म्हणतो, "दादा, सराव करून बसायचंच आहे तर ओव्हरटाईम का सोडू?" त्याला उत्तर द्यायला माझ्याकडं काहीही नव्हतं.

खर्चाबाबत एकच मागणी आहे. हंगाम संपल्यावर प्रत्येक तालमीनं एका पानाचा जमाखर्च फलकावर लावावा. गणपतीच्या वर्गणीचा हिशोब आपण लावतोच की! कुणी किती दिलं यापेक्षा कशावर किती गेलं हे दिसू दे. मानधनावर गेलेला पैसा आणि पोरांच्या सरावावर गेलेला पैसा असे दोनच रकाने शेजारी शेजारी ठेवले तरी पेठेत कट्ट्यावर चर्चा आपोआप सुरू होईल. आणि आमच्या कट्ट्याची चर्चा कुठल्याही ऑडिटपेक्षा कडक असते.

एक अडचण मात्र खरीच आहे, आणि यावर तुमची मतं हवीत. 'आपल्या तालमीत वाढलेला' म्हणजे कोण? आधार कार्डावरचा पत्ता धरला तर नोंदणीच्या आधी पोरांचे पत्ते बदलतील, आपण काय कुणाला ओळखत नाही का! शिवाजी पेठेत राहणारा पण लहानपणापासून मंगळवार पेठेतल्या पोरांबरोबर सराव करणारा पोरगा कुणाचा? माझ्या मते पत्ता सोडून द्यावा आणि सलग तीन हंगाम कुठल्याही वयोगटात त्या तालमीकडून नोंदणी असेल तर तो त्या तालमीचा धरावा. त्यासाठी केएसएकडं वयोगटाच्या नोंदणीची तीन वर्षांची यादी लागेल. ती एक्सेलमध्ये भरून द्यायला मी दोन विकांत मोफत बसायला तयार आहे. पीटीएमवाला आहे म्हणून शंका असेल तर शेजारी शिवाजीचा एक जण बसवा.