न्यू ऑर्लिन्स सेंट्स : एका हंगामाचे यश आणि एका शहराचे पुनर्वसन

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहराच्या सुपरडोम या बंदिस्त क्रीडागारात २५ सप्टेंबर २००६ रोजी सुमारे ७० हजार प्रेक्षक जमले होते. न्यू ऑर्लिन्स सेंट्स आणि अटलांटा फाल्कन्स या अमेरिकन फुटबॉल संघांमध्ये सामना व्हायचा होता. माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांच्या हस्ते नाणेफेक झाली. तेरा महिन्यांपूर्वी याच छपराखाली चक्रीवादळग्रस्तांनी अन्न, पाणी आणि विजेविना दिवस काढले होते. त्यामुळे त्या रात्रीच्या सामन्याला क्रीडास्पर्धेपलीकडचे महत्त्व प्राप्त झाले.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ किनाऱ्यावर धडकले. पूरसंरक्षक भिंती ठिकठिकाणी फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. शहर सोडून जाण्याचे साधन नसलेल्या हजारो नागरिकांसाठी सुपरडोम हा अखेरचा आसरा होता. वादळात त्याच्या छपराचे आवरण उडाले आणि आत पाणी गळू लागले. मदत पोहोचण्यास झालेल्या विलंबामुळे ही वास्तू शासकीय अपयशाचे प्रतीक म्हणून जगभर ओळखली जाऊ लागली.

सेंट्स संघही या आपत्तीत बेघर झाला. अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडील परिचित फुटबॉलपेक्षा वेगळा खेळ आहे. त्यात अंडाकृती चेंडू प्रामुख्याने हातात घेऊन किंवा फेकून पुढे नेला जातो. राष्ट्रीय लीगमध्ये ३२ संघ असून त्या काळी प्रत्येक संघ हंगामात सोळा सामने खेळत असे. त्यांपैकी आठ सामने स्वतःच्या शहरात होत. २००५ च्या हंगामात सेंट्सचा एकही सामना न्यू ऑर्लिन्समध्ये होऊ शकला नाही. घरच्या आठ सामन्यांपैकी चार त्याच राज्यातील बॅटन रूज येथे आणि तीन टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे खेळवण्यात आले. उरलेला एक सामना तर प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क जायंट्सच्याच मैदानावर झाला. तीन विजय आणि तेरा पराभव अशी त्या हंगामाची अखेर झाली.

मैदानावरील पराभवांपेक्षा संघ कायमचा स्थलांतरित होण्याची भीती शहराला अधिक भेडसावत होती. संघाचे मालक टॉम बेन्सन यांचे सॅन अँटोनियोशी जुने व्यावसायिक संबंध होते आणि त्या शहराचे महापौर संघाला आपल्याकडे आणण्यास उत्सुक होते. अमेरिकेत व्यावसायिक संघ ही खासगी मालमत्ता असते. मालकाने लीगच्या संमतीने संघ दुसऱ्या शहरात हलवल्याची उदाहरणे तेथे नवीन नाहीत. अखेर लीगचे तत्कालीन आयुक्त पॉल टॅग्लियाब्यू यांनी संघ लुइझियानातच राहावा अशी भूमिका घेतली, तर राज्य सरकारने सुपरडोमची दुरुस्ती तातडीने हाती घेतली. या कामावर सुमारे १८.५ कोटी डॉलर खर्च झाले. त्यांपैकी सर्वांत मोठा वाटा, सुमारे ११.५ कोटी डॉलर, केंद्रीय आपत्कालीन व्यवस्थापन संस्थेचा होता. लीगने दीड कोटी डॉलर दिले.

याच काळात संघाचीही फेररचना झाली. मुख्य प्रशिक्षकपदाचा पूर्वानुभव नसलेल्या शॉन पेटन यांची नियुक्ती करण्यात आली. संघाच्या चढाईची सूत्रे हलवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या जागी ड्रू ब्रीस यांना आणण्यात आले. चेंडू फेकण्याच्या खांद्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाल्यामुळे ब्रीस यांच्या भवितव्याविषयी अनेकांना शंका होती. सेंट्सने मात्र ती जोखीम पत्करली. दुसरीकडे, असंख्य रहिवासी परतलेले नसतानाही संघाच्या इतिहासात प्रथमच संपूर्ण हंगामाची तिकिटे आगाऊ विकली गेली.

२५ सप्टेंबरच्या सामन्याचा कल पहिल्या दोन मिनिटांतच दिसून आला. चढाई थोपवली गेल्यामुळे अटलांटाच्या खेळाडूने चेंडू दूर टोलावण्याचा प्रयत्न केला. स्टीव्ह ग्लीसन यांनी झेपावून तो अडवला आणि सहकारी कर्टिस डिलोच यांनी गोलक्षेत्रात त्यावर ताबा मिळवून गुणांचे खाते उघडले. सेंट्सने हा सामना २३-३ असा जिंकला. पुढे दहा विजय आणि सहा पराभव अशी कामगिरी करून संघाने आपल्या गटात अव्वल स्थान मिळवले. बाद फेरीत फिलाडेल्फिया ईगल्सचा २७-२४ असा पराभव केल्यानंतर जानेवारी २००७ मध्ये शिकागो बेअर्सने सेंट्सला ३९-१४ असे नमवले. अंतिम सामना एक पायरी दूर राहिला, तरी चाळीस हंगामांच्या इतिहासात संघाने तोवर एवढी मजल कधीही मारली नव्हती.

मात्र या यशाकडे पाहताना शहरातील अन्य चित्र दृष्टिआड करता येत नाही. गोरगरिबांवर पिढ्यान्‌पिढ्या उपचार करणारे सार्वजनिक चॅरिटी रुग्णालय वादळानंतर बंद झाले ते पुन्हा उघडलेच नाही. त्याची जागा घेणारे नवे रुग्णालय २०१५ मध्ये सुरू झाले. घरे पुन्हा उभारण्यासाठी जाहीर झालेली सरकारी मदत २००६ च्या अखेरीस अगदी मोजक्या कुटुंबांच्या हाती पडली होती. बहुसंख्य कृष्णवर्णीयांची वस्ती असलेला लोअर नाइन्थ वॉर्ड दीर्घकाळ ओसाड राहिला. २००० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४ लाख ८४ हजार होती. ती २०१० मध्ये ३ लाख ४३ हजारांवर आली.

क्रीडागारावर एवढा खर्च करणे योग्य होते का, हा प्रश्न त्यामुळे साहजिकच उपस्थित झाला. सुपरडोम उघडल्यामुळे पर्यटन आणि अधिवेशनांच्या व्यवसायाला चालना मिळाली, तसेच शहर सोडून दिले जाणार नाही असा स्पष्ट संकेत गेला, हे समर्थकांचे म्हणणे निराधार नव्हते. तथापि खरा बोध खर्चाच्या आकड्यांपेक्षा कामाच्या पद्धतीत आहे. सुपरडोमच्या बाबतीत जबाबदारी निश्चित होती, निधी उपलब्ध होता आणि सामन्याची तारीख ठरलेली होती. घर गमावलेल्या कुटुंबांसाठी मात्र कोणतीही तारीख ठरवण्यात आली नव्हती. इच्छाशक्ती असेल तर तेरा महिन्यांत काय साध्य होऊ शकते, हे या दुरुस्तीने दाखवून दिले. इतरत्र झालेल्या दिरंगाईचे समर्थन करणे त्यामुळेच अधिक कठीण झाले.

सेंट्सने ७ फेब्रुवारी २०१० रोजी इंडियानापोलिस कोल्ट्सचा ३१-१७ असा पराभव करून आपले पहिले सुपर बाउल विजेतेपद पटकावले. ग्लीसन यांना २०११ मध्ये स्नायू निकामी करणाऱ्या असाध्य विकाराने गाठले. चेंडू अडवण्याच्या त्यांच्या त्या कृतीचा पुतळा २०१२ पासून सुपरडोमबाहेर उभा असून त्याला ‘पुनर्जन्म’ असे नाव देण्यात आले आहे. संघाच्या बाबतीत ते नाव निःसंशय सार्थ आहे. न्यू ऑर्लिन्सला कधीच परतू न शकलेल्या हजारो कुटुंबांच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही.