बेकारीचा विमा आपल्यालाही हवा



  2025 सालभर मला एकच बोलणं सलत राहिलं. कोविडचा विषय निघाला की आपल्यातलेच सुखवस्तू लोक म्हणतात, "सगळ्यांना हिशेब मिळाला होता की!"

हिशेब म्हणजे कुवेतच्या 2010 च्या कामगार कायद्यातली ग्रॅच्युइटी. पहिली पाच वर्षं दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार. तो कामगाराचाच घाम, मालकाकडे साठलेला. काम गेल्यावर पोट भरायला वेगळी तरतूद लागते. कुवेतमध्ये बेकारी विम्याचा कायदा 2013 पासून आहे, पण फक्त कुवेती नागरिकांसाठी.

कोविडमुळे 6 एप्रिल 2020 ला इथल्या जलीब आणि महबूला या वस्त्या सील झाल्या, त्या थेट जुलैपर्यंत. एका खोलीत सहा खाटा, ड्यूटी दोघांचीच चालू, बाकीचे चौघं त्यांच्या पगारावर. त्यांत दापोली-खेडकडचे ड्रायव्हर होते, सुतार होते. "बिनपगारी रजा" असा मेसेज आला की संपलं. रजेवर गावी गेलेले कुवेतच्या 1 ऑगस्टच्या प्रवेशबंदीत तिकडेच अडकले, आणि कित्येकांचा इकामा (निवास परवाना) तिथं बसल्या बसल्या संपला. या अंकाचा विषय 'घर' आहे. या लोकांची गावाकडे जोत्यावर थांबलेली घरंही त्यात धरायला हवीत.

परदेशी माणसाला असा विमा देता येत नाही, हे मला पटत नाही. बहरीनच्या 2006 च्या कायद्यात परदेशी कामगारही आहेत. अमिरातीत 1 जानेवारी 2023 पासून कमी पगारवाल्याला महिना 5 दिरहम भरून, नोकरी गेल्यास मूळ पगाराच्या 60 टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत मिळते. आपल्या सरकारचा प्रवासी भारतीय बीमा मुख्यतः अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी, नोकरी गेली तर त्यात पगाराची भरपाई नाही. डिसेंबर 2024 मध्ये 43 वर्षांनी भारताचे पंतप्रधान इथं आले, कामगारांच्या कॅम्पमध्येही गेले. ही मागणी त्यांच्यापुढे लेखी ठेवायला हवी होती. आपण सत्कार समारंभांच्या तयारीत राहिलो.

रोजगार हमीसाठी व्यवसाय कर लावणाऱ्या महाराष्ट्राची आपण माणसं. ही मागणी आपणच पहिल्यांदा करायची. 2020 मधली बिनपगारी रजेची पत्रं, मेसेज, पगाराच्या स्लिपा तुमच्याकडे असतील तर त्यांच्या प्रती मंडळाकडे पाठवा. भारतीय दूतावासाला द्यायच्या निवेदनाला त्या जोडायच्या आहेत.